विहिरीपाशी गर्दी, थोरलीकडे कुणीच नाही

बीजिंगच्या राजवाड्यात पर्यटकांना दक्षिणेच्या वू दरवाजातून आत घेतात आणि उत्तरेच्या शनवू दरवाजातून बाहेर काढतात. मधे सगळी अंगणं, संगमरवरी पायऱ्या आणि पिवळी कौलं. बाहेर पडेपर्यंत पाय इतके बोलायला लागतात की उत्तरेच्या दरवाजाकडे मान वर करून पाहायचंही कुणी मनावर घेत नाही. मला मात्र तोच बघायचा होता. १९१२ पर्यंत चीनवर राज्य केलेल्या छिंग राजघराण्याच्या बायका याच दरवाजातून आत आल्या. समोरच्या, म्हणजे दक्षिणेच्या दरवाजातून लग्नाची पालखी आत नेण्याचा मान फक्त पट्टराणीचा. बाकीच्या सगळ्या मागच्या दारानं.

माझी भाची चिनी भाषा शिकायला बीजिंगात राहते, म्हणून मी गेले. नाहीतर पाट्या वाचता येईनात अशा शहरात एकटीनं फिरायची माझी छाती नाही. तिनं आधीच पासपोर्टचे नंबर घालून तिकिटं काढून ठेवली होती. ऐन वेळी खिडकीवर जाऊन तिकीट मिळवण्याचा प्रकार इथे राहिलेला नाही. ऑक्टोबर संपत आलेला, तरी हंगामाचाच दर होता, ६० युआन. सोमवारी राजवाडा बंद असतो, हेही जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

शनवू दरवाजाची गोष्ट अशी. छिंग राजे मांचू वंशाचे, आणि मांचू लोकांची सगळी समाजरचना आठ निशाणांत वाटलेली होती. त्या निशाणांतल्या अधिकाऱ्यांच्या घरी मुलगी वयात आली की तिला आधी राजवाड्यात दाखवायला आणावं लागे. ही निवड तीन वर्षांतून एकदा व्हायची, आणि तिथून मोकळं झाल्याशिवाय मुलीचं लग्न दुसरीकडे ठरवायची घरच्यांना परवानगी नव्हती. मुली तेराव्या वर्षापासूनच्या. त्यांना खेचरांच्या गाड्यांत बसवून रात्रीच निघावं लागे, म्हणजे उजाडता उजाडता या दरवाजाशी रांग लागायची. गाडीभाड्याचे पैसे सरकारातून मिळत, मुलीमागे एक लियांग, म्हणजे साधारण ३७ ग्रॅम चांदी. आत पाच-सहाजणींना एका ओळीत उभं करायचं, हातात नावाची, बापाच्या हुद्द्याची पट्टी. पसंत पडली तर पट्टी ठेवून घ्यायची, नाहीतर परत. कांदेपोहे नाहीत एवढंच, बाकी सगळं ओळखीचं.

भाची म्हणाली, "मावशी, पण इथे नापास झालेली मुलगीच नशीबवान ना?"

तिच्या या प्रश्नाचं उत्तर मला दिवसभर शोधायला लागलं नाही.

१८८८ सालच्या निवडीत दोन बहिणी पसंत झाल्या. घराणं ताताला, लाल निशाणाच्या गटातलं. बाप चांगशू हा महसूल खात्यात मोठ्या हुद्द्यावर. चुलते चांगशान हे दक्षिणेत क्वांगचौला लष्करी अधिकारी, आणि मुलींचं लहानपण बरंचसं त्यांच्याकडे गेलं असं सांगतात. क्वांगचौ म्हणजे बंदराचं गाव, परदेशी व्यापाऱ्यांचं. बीजिंगच्या बंद वाड्यांत वाढलेल्या मुलींपेक्षा या दोघींनी जरा जास्त जग पाहिलेलं. थोरली जिन, धाकटी झेन. धाकटीचा जन्म २७ फेब्रुवारी १८७६ चा. म्हणजे दरवाजातून आत आली तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची.

ज्याच्याशी लग्न लागलं तो सम्राट ग्वांगशू तेव्हा सतरा वर्षांचा. पट्टराणी म्हणून त्याला लोंगयू मिळाली. राज्याची सूत्रं हातात असलेली राजमाता त्सीशी ही त्याची मावशी, आणि लोंगयू ही त्सीशीच्या भावाची लेक. म्हणजे ग्वांगशूच्या मामाचीच मुलगी, वर वयानं तीनेक वर्षांनी मोठी. आपल्याकडे मामाची मुलगी म्हणजे हक्काची बायको, त्यामुळे यात मला वावगं काही वाटलं नाही. पण ग्वांगशूला ती पसंत नव्हती आणि ते त्यानं फारसं लपवलंही नाही. पसंतीच्या दिवशी तो भलत्याच मुलीच्या हातात मानाचा दांडा द्यायला निघाला होता आणि मावशीनं मागून आवाज देऊन त्याला थांबवलं, असा एक किस्सा राजवाड्यातल्या हिजड्यांच्या, म्हणजे खच्ची केलेल्या नोकरांच्या तोंडून बाहेर आलेला आहे. खरा-खोटा देव जाणे. लग्न फेब्रुवारी १८८९ मध्ये झालं, आणि पट्टराणीबरोबरच या दोघी बहिणी 'पिन' या दर्जावर आत आल्या.

हा दर्जाचा मामला नीट समजून घेतल्याशिवाय त्या बायकांचं आयुष्य कळत नाही. वरपासून खालपर्यंत आठ पायऱ्या. पट्टराणी एक. तिच्याखाली ह्वांग-क्वेईफेई एक, क्वेईफेई दोन, फेई चार, पिन सहा. त्याखालच्या क्वेईरेन, छांगझाई आणि दायिंग, यांची संख्या ठरलेली नाही. प्रत्येकीचा सालाना तनखा ठरलेला. पट्टराणीला १००० लियांग चांदी, फेईला ३००, पिनला २००, क्वेईरेनला १०० आणि अगदी खालच्या दायिंगला ३०. दासीसुद्धा दर्जाप्रमाणे: पट्टराणीला १०, फेईला ६, दायिंगला २. रोजचं मांस, मेणबत्त्या, हिवाळ्यातला कोळसा, रेशमाचे तागे, सगळ्याचा हिशेब याच यादीवरून. दर्जा घसरला की त्या रात्रीपासून चुलीतला कोळसा कमी.

आणि माहेर? भेटीला बंदी होती असंच म्हणायचं. मुलगी गरोदर राहिली तर आईला देखभालीसाठी आत येता येई, आईबाप फार म्हातारे झाले तर खास हुकमानं भेट व्हायची. ग्वांगशूला मूलच झालं नाही. म्हणजे पहिली वाट आपोआप बंद.

हे सगळं मी भाचीला सांगत होते तेव्हा आमच्या आजूबाजूला निदान चाळीस फेई आणि पिन उभ्या होत्या. दरवाजाबाहेरच्या गल्लीत भाड्यानं मांचू पोशाख मिळतो. डोक्यावर ते आडवं पंख्यासारखं काळं बसवलेलं, त्यावर मोठालं फूल, एका बाजूला गोंडा. अंगात पायघोळ भरजरी झगा, आणि पायात मधोमध उंच लाकडी टाच असलेले जोडे. मांचू बायका पाय बांधत नसत. हान चिनी बायकांसारखे बांधलेले छोटे पाय त्यांना मनाईच होती. हे उंच जोडे हा त्यांचा वेगळा थाट. कानाच्या एकेका पाळीत तीन-तीन डूल. आता कॉलेजच्या मुली हे सगळं चढवून, फोटोग्राफर बरोबर घेऊन येतात, लाल भिंतीपाशी मान तिरकी करून उभ्या राहतात आणि मधेच झगा गुडघ्यापर्यंत वर धरून स्वच्छतागृहाकडे पळतात. राजवाड्यातल्या सवतीमत्सराच्या मालिकांनी हे वेड लावलं, असं भाचीचं म्हणणं. मला त्या मुली आवडल्या. निदान त्या संध्याकाळी पाचला घरी जातात.

पूर्वेकडच्या सहा महालांत जिंगरन नावाचा महाल आहे. झेन तिथे राहायची. गर्दीचा मुख्य लोंढा मधल्या रेषेवरून सरळ पुढे जातो, त्यामुळे इकडे जरा श्वास घेता येतो. दारातून आत शिरलं की समोर एक दगडी आडपडदा, मग चौकोनी अंगण, तीन बाजूंनी खोल्या. सम्राट कांगशी १६५४ मध्ये इथेच जन्मला. आत एका भिंतीवर संग्रहालयाला वस्तू देणगी दिलेल्यांची नावं कोरलेली आहेत. झेनच्या नावाची पाटी शोधत मी अंगणाला दोन फेऱ्या घातल्या. एका कोपऱ्यात एक गलेलठ्ठ मांजर ऊन खात पडलं होतं आणि सगळ्यांचे मोबाईल त्याच्याकडे वळलेले होते.

झेन हसरी, बोलकी, लिहिणारी, चित्रं काढणारी होती, ग्वांगशूचा जीव तिच्यावर होता, यावर सगळ्यांचं एकमत आहे. तिला कॅमेऱ्याचा नाद होता असंही सांगतात. एका हिजड्याकरवी तिनं राजवाड्याबाहेर फोटोचं दुकान काढलं होतं म्हणे. यातलं किती खरं हा भाग वेगळा. पण नक्की तिचाच म्हणता येईल असा एकही फोटो आज नाही. जो सगळीकडे छापला जातो त्याबद्दल जाणकार शंका घेतात. आणि ज्या त्सीशीला हे कॅमेऱ्याचं खूळ खपत नव्हतं असं म्हणतात, तिनं झेन गेल्यानंतर, १९०३ पासून, एका दरबारी तरुणाकडून स्वतःचे ढिगानं फोटो काढून घेतले. कधी आरशापुढे, कधी कमळांच्या तळ्यात नावेवर.

झेनची जी प्रतिमा आज विकली जाते त्यात एक गोष्ट बहुतेक गाळलेली असते. ती पैसे घेऊन सरकारी नेमणुका करून द्यायची. २०० किंवा ३०० लियांगांत सणासुदीच्या बक्षिशा, हिजड्यांची तोंडं बंद ठेवणं आणि स्वतःची हौस भागत नव्हती. नवऱ्याच्या कानाशी लागून एखाद्याचं काम करायचं आणि मोबदला घ्यायचा. तिच्या आसपासची माणसं होती, माहेरचे लोक होते, मधले हिजडे होते. राजवाड्यात हा धंदा तिनं शोधून काढला नव्हता. त्सीशीभोवतीची मंडळी तेच करत होती, फक्त त्यांचा दर मोठा. पण मला वाटतं हे सांगायला हवं. निष्पाप प्रेमिका म्हणून तिला उभी केली की ती खोटी वाटायला लागते. पैशाची चणचण असलेली, हुशार, थोडी बेफिकीर अशी अठरा वर्षांची मुलगी मला जास्त कळते.

१८९४ हे साल तिला चढवणारं आणि पाडणारं. त्सीशीच्या साठीनिमित्त सगळ्यांना बढत्या मिळाल्या तेव्हा दोघी बहिणी पिनच्या फेई झाल्या. त्याच वर्षी जपानशी युद्ध पेटलं. झेनच्या माहेराशी जवळीक असलेला विद्वान वन थिंगशी हा लढा म्हणणाऱ्यांच्या बाजूचा, त्सीशीचे लोक आवरतं घ्या म्हणणारे. नोव्हेंबरात इकडे साठीचा सोहळा आणि तिकडे लुशूनचं बंदर जपान्यांच्या हातात. आणि त्याच महिन्याअखेर फर्मान निघालं: दोघी बहिणी दोन पायऱ्या खाली, क्वेईरेन. झेनला मारही बसला. राजवैद्यांच्या नोंदींत त्या दिवसांत तिला झटके येत होते, शुद्ध नव्हती, असं आहे. सम्राटाच्या आवडत्या बायकोला सम्राट जिवंत असताना, त्याच्याच राजवाड्यात.

थोरल्या जिननं काय केलं होतं? कागदावर तरी धाकटीची बहीण असणं, एवढंच.

त्यानंतर त्सीशीनं एक लाकडी फलक करवून घेतला. तो अजून संग्रहालयाकडे आहे. त्यात दोघी बहिणींची नावं घालून बजावलेलं आहे: बोलणंचालणं सांभाळा, पोशाख नेमून दिल्याप्रमाणे करा, सम्राटाला सणावाराला खाण्याचे पदार्थ पाठवायला हरकत नाही, पण नव्या, नवलाईच्या वस्तू आणि कपडे परस्पर द्यायचे नाहीत, मोडलंत तर शिक्षा. हा फलक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वर्षभरानं दोघींना फेईचा दर्जा परत मिळाला. मग १८९८ आलं. जूनमध्ये ग्वांगशूनं सुधारणांची फर्मानं काढायला सुरुवात केली आणि सप्टेंबरात त्सीशीनं सत्ता हातात घेऊन सगळं गुंडाळलं. ग्वांगशूला तळ्यातल्या यिंगताई बेटावर ठेवलं. ते बेट आजच्या सरकारच्या मुख्यालयात मोडतं, त्यामुळे ते बघायचं असेल तर पुढच्या जन्मी. झेनला राजवाड्याच्या ईशान्य टोकाला, दासींसाठीच्या जुन्या खोल्यांत कोंडलं.

त्या टोकाला जायला वेगळं तिकीट पडतं, १० युआन, कारण वाटेत रत्नदालन आहे. नऊ ड्रॅगनांची रंगीत भिंत, मग एकामागून एक महाल. लशौ महालात पाच टनांहून जड असा जेडचा एकसंध डोंगर ठेवलाय, त्यावर नद्यांना वाट काढून देणारी माणसं कोरलेली. त्सीशी काही काळ याच महालात राहिली. तिच्या खोलीपासून झेनच्या कोठडीपर्यंतचं अंतर आम्ही रमतगमत, फोटो काढत चाललो तरी काही मिनिटांचं निघालं. याचा मला धक्का बसला. मी मनात कुठेतरी लांबची, अंधारी कोठडी धरून चालले होते. प्रत्यक्षात सासू आणि सून एकाच आवारात, मधे दोन-तीन अंगणं.

आणि शेवटच्या अंगणात ती विहीर.

गर्दी आधी ऐकू येते. पर्यटक-कंपन्यांच्या झेंड्यांखालची माणसं, कानात रिसीव्हर, चारही बाजूंनी हात लांबवून कठड्यावरून खाली फोटो. विहीर म्हणण्यासारखं काही दिसत नाही. जमिनीलगत दगडाचं जाडजूड तोंड, मधे एवढंसं भोक, त्यातून आडवी घातलेली लोखंडी कांब. हंडा आत जाईल की नाही अशी शंका यावी. माझ्या शेजारच्या बाईनं तिच्या नवऱ्याला हाच प्रश्न विचारला असणार, कारण ती दोन्ही हातांनी माप दाखवत होती. हे दगडी तोंड नंतर बसवलेलं, असं सांगतात. एका बाजूच्या खोलीत जिननं पुढे बहिणीच्या नावानं छोटं देवघर मांडलं होतं.

१५ ऑगस्ट १९००. परदेशी लोकांविरुद्ध पेटलेलं बॉक्सर बंड मोडायला आदल्या दिवशी आठ देशांच्या फौजा बीजिंगात घुसल्या होत्या. त्सीशीनं पळून जायचं ठरवलं. निळं सुती कापड नेसून, केसांचा साधा अंबाडा घालून, खेडुताच्या बाईसारखी. निघण्याआधी झेनला बोलावलं. इथून पुढे जितके सांगणारे तितक्या कहाण्या. सम्राटानं बीजिंग सोडू नये, राहून वाटाघाटी कराव्यात, असं झेन म्हणाली, हे बहुतेकांत येतं. त्सुई युगुई नावाच्या हिजड्यानं तिला विहिरीत टाकलं, हेही बहुतेकांत येतं. पुढच्या वर्षी प्रेत वर काढलं आणि शहराबाहेर पुरलं. दरबार १९०२ च्या जानेवारीत परत आला, तेव्हा त्सीशीनं म्हणे त्सुईलाच दोषी ठरवलं: मी रागाच्या भरात बोलले, यानं खरंच केलं. त्याला हाकलून दिलं. मेलेल्या झेनला मात्र एक पायरी बढती मिळाली, क्वेईफेई.

ज्या फौजांना भिऊन ती पळापळ झाली त्यांत आपले लोक होते, हे मला तिथे उभं असताना सारखं आठवत होतं. १४ ऑगस्टच्या दुपारी वेढ्यात अडकलेल्या परदेशी वकिलातींत सर्वांत आधी जे शिरले ते इंग्रजांच्या पदरचे शीख आणि राजपूत शिपाई. तटाखालून जाणाऱ्या सांडपाण्याच्या ओढ्यातून, चिखल तुडवत. त्या राजपूत पलटणीतल्या एका शिपायानं घरी आल्यावर हिंदीत आठवणी लिहिल्या आणि त्यात चिनी लोकांच्या हालांबद्दल त्याला वाईट वाटल्याचं लिहून ठेवलं. संध्याकाळी आम्ही त्या वकिलातींच्या रस्त्यावरून चाललो. आता तिथे दुतर्फा झाडं, जुन्या बँकांच्या इमारती आणि नवरा-नवरींचे फोटो काढणारे.

भुताची गोष्ट हवी असेल तर तीही आहे. रात्री विहिरीतून रडणं ऐकू येतं वगैरे. भाचीनं मोठ्या उत्साहानं सांगितली, मी 'हं' म्हटलं.

कारण माझं डोकं त्या देवघर मांडणाऱ्या थोरल्या बहिणीत अडकलं होतं. ती त्या उन्हाळ्यात वाचली. बहिणीच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, योंगह महालात, ती पुढे चोवीस वर्षं राहिली. १९०८ च्या नोव्हेंबरात ग्वांगशू वारला, दुसऱ्याच दिवशी त्सीशीही गेली. १९१२ च्या फेब्रुवारीत लोंगयूनं बालसम्राट पुयीच्या वतीनं राज्यत्यागाच्या फर्मानाला मान्यता दिली. १९१३ मध्ये लोंगयूही गेली. आणि राज्य नसलेल्या त्या राजवाड्यात उरलेल्या विधवांमध्ये सगळ्यांत वरचढ झाली ती जिन. सगळे तिला आता 'दुआनकांग' या मानाच्या नावानं ओळखायचे.

मार खाल्लेल्या घरातली ही बाई सत्ता हातात आल्यावर कशी वागली? पुयी दहा-पंधरा वर्षांचा. त्याच्या महालात काय चाललंय ते कळावं म्हणून तिनं आपली माणसं पेरली. त्यानं विलायती मोजे घातलेले तिला कळले तेव्हा ते आणून देणाऱ्या हिजड्यांना तिनं प्रत्येकी २०० फटके दिले आणि झाडलोटीच्या कामावर पाठवलं. नव्या, नवलाईच्या वस्तू सम्राटाला परस्पर द्यायच्या नाहीत. तो फलक तिला पाठ असणार. १९२१ मध्ये तिनं एका राजवैद्याला काढून टाकलं, त्यावरून पुयीनं तिच्याशी भांडण केलं, तेव्हा तिनं त्याच्या आईला आणि आजीला बोलावून गुडघ्यावर बसवलं आणि झाडून काढलं. आई, यौलान, मानी होती. घरी गेली आणि अफू खाऊन तिनं जीव दिला.

भाचीला हे पटेना. "अगं मावशी, तिच्याच बहिणीला असं मारलं होतं ना?"

म्हटलं, "तिच्याच बहिणीला मारलं होतं म्हणून तिला माहीत होतं, कसं करायचं ते."

पण जिनलाही नुसती खाष्ट सासू करून सोडायला मन होत नाही. तिची काढलेली चित्रं आहेत, चांगली आहेत. तिचे फोटो तर पुष्कळ आहेत: गोल, भरलेला चेहरा, डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत. आणि तिला खायला मनापासून आवडायचं. थिएनफूहाव नावाचं मसाल्यात शिजवलेल्या मांसाचं दुकान १७३८ पासून चालतंय. तिथला डुकराच्या मांडीचा तुकडा ती आवडीनं मागवायची, असं तिच्या माहेरचे लोक सांगत आले. आम्ही त्या दुकानाच्या एका शाखेतून पाव किलो घेतला. गडद तपकिरी, वरची कातडी चिकट आणि थरथरती, आतलं मांस बोटानं सुटेल इतकं मऊ. सोया, चक्रीफूल, दालचिनी आणि किंचित गोड. थंडच खातात, पातळ काप करून. भाचीची संकष्टी होती, त्यामुळे मी एकटीनंच संपवला. तेलकट आहे, जड आहे, आणि हिवाळ्यात कोळशाच्या शेगडीशी बसून हा ताटलीभर खाणाऱ्या, दुसरं काही करण्यासारखं नसलेल्या बाईचा मला त्या क्षणी अजिबात राग येईना.

दोघींना एकत्र बघायचं तर बीजिंगबाहेर जावं लागतं. नैर्ऋत्येला, हबेई प्रांतातल्या यी परगण्यात छिंग घराण्याची पश्चिमेकडची दफनभूमी आहे. २००० सालापासून जागतिक वारशाच्या यादीत. आम्ही गाडी ठरवून गेलो. हमरस्ता सोडला की मक्याची रिकामी शेतं, घरांच्या छपरांवर वाळत घातलेली पिवळी कणसं, आणि मग एकाएकी जुन्या देवदारांसारख्या झाडांचं दाट रान. ते पाइन आहेत, असं भाचीनं सुधारलं.

ग्वांगशूच्या दफनस्थळाचं नाव छोंगलिंग. त्याच्या पूर्वेला थोड्या अंतरावर त्याच्या बायकांचं आवार. लांबूनच फरक कळतो: सम्राटाच्या इमारतींना पिवळी कौलं, बायकांच्या इमारतींना हिरवी. मेल्यावरही यादी सुटलेली नाही. आत अंगण, मागे शेजारी-शेजारी दोन गोल चबुतरे. झेनला १९१३ मध्ये इथे आणलं. जिन १९२४ च्या शरदात गेली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, सेनापती फंग युशियांगच्या सैन्यानं पुयीला राजवाड्याबाहेर काढलं. म्हणजे त्या दरवाजातून आत आलेली ही बाई राजवाडा रिकामा व्हायच्या अगदी काठावर तिथेच मेली. १९२१ मध्ये झेनला ह्वांग-क्वेईफेई हा किताब मरणोत्तर दिला गेला होता; जिनलाही तोच दर्जा होता. पट्टराणीच्या खालची ती एकुलती एक जागा, इथे दोघींत वाटून.

१९३८ मध्ये इथे चोर शिरले, छोंगलिंगमध्येही आणि बायकांच्या आवारातही. हवं ते घेऊन गेले.

आवारात आमच्याशिवाय एक कुटुंब होतं, आजी-आजोबा आणि नातू. आजोबांनी रखवालदाराला काहीतरी विचारलं, त्यानं हातानं एका चबुतऱ्याकडे दाखवलं, ते तिथे गेले, फोटो काढला आणि निघाले. "झेनचं कुठलं, म्हणून विचारत होते," भाची म्हणाली. आम्ही दुसऱ्या चबुतऱ्याशी थोडा वेळ जास्त थांबलो. वारा बोचरा होता, म्हणून थोडाच.

मग छोंगलिंगच्या तळघरात उतरलो. पांढऱ्या दगडाची जाडजूड दारं, त्यांवर बोधिसत्त्व कोरलेले, आत ओल आणि ट्यूबलाइटचा उजेड. शवपेट्या दोन. ग्वांगशू आणि त्याच्या शेजारी लोंगयू, मामाची मुलगी. त्याच्या केसांची आणि कपड्यांची तपासणी करून २००८ मध्ये तज्ज्ञांनी जाहीर केलं की तो आर्सेनिकच्या विषानं मेला. कुणी घातलं ते कागदावर नाही. संशय कुणावर आहे हे इथल्या शाळकरी मुलांनाही माहीत असतं.

भाची बराच वेळ त्या दोन पेट्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "याला तर ही नको होती ना? मग हिच्याशेजारी का ठेवलाय?"

"पट्टराणी होती ना ती."

"पण त्याला कुणी विचारलं?"

"आधी कधी विचारलं होतं?" म्हटलं, आणि आम्ही वर आलो, कारण ड्रायव्हरनं चार वाजता निघायचं म्हणून बजावून ठेवलं होतं.